बोआच्या पिल्लाची भूक

‘अज’ म्हणजे बोकड आणि त्याला गिळणारा तो ‘अजगर’. प्राण्याचे नावच आपण त्याच्या जेवणावरून ठेवले. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या बोआचे नाव मात्र जेवणाच्या आधीच्या कृतीवरून पडले. लिनियसने १७५८ साली त्याला ‘बोआ कन्स्ट्रिक्टर’ म्हटले, म्हणजे आवळणारा. मराठीत दोघांनाही अजगर म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली तरी बरोबर नाही. अजगर अंडी घालतो. बोआची मादी जिवंत पिल्ले देते, एका वेळी वीस-पंचवीस आणि कधी त्याहूनही अधिक. आपल्याकडचे मांडूळ हे बोआचे जवळचे नातलग आणि अजगर दूरचा, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते.

अमेरिकेत बोआ घरी पाळणारे पुष्कळ आहेत. पेनसिल्व्हेनियात आमच्या घरीही तीन वर्षांपासून एक आहे. मुलीने चौदाव्या वर्षी हट्टाने आणला तेव्हा तो जेमतेम अर्ध्या मीटरचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा होता. मिरजेहून माझ्या आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “अरे, त्याला दूध घालता ना?” दूध हे सापाचे अन्न नव्हे, तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल तो द्रव पितो, एवढेच. पण त्या प्रश्नामागची वृत्ती मला पुढे सतत भेटत राहिली. पाळलेल्या जिवाला काहीतरी भरवावे, त्याच्या अंगावरून हात फिरवावा, ही आपली माया. बोआच्या पिल्लाला मात्र या मायेचाच धोका अधिक.

दबा धरून बसणाऱ्या सापाची पचनसंस्था दोन जेवणांमधल्या काळात जवळजवळ झोपलेली असते. भक्ष्य पोटात गेले की आतडे जाड होऊ लागते, आम्ल स्रवू लागते, शरीराचा ऊर्जाखर्च कित्येक पटींनी वाढतो. हे सगळे यंत्र उष्णतेवर चालते, आणि ती उष्णता साप स्वतः निर्माण करत नाही. म्हणून काचपेटीचे एक टोक ३१-३२ अंश सेल्सिअस आणि दुसरे २६ च्या आसपास ठेवतात. ऊन कुठे आणि सावली कुठे घ्यायची हे त्याचे तो ठरवतो. लपायला दोन्ही टोकांना जागा हवी, नाहीतर भीतीपोटी तो गारव्यातच दडून राहतो आणि खाल्लेले पचत नाही. न पचलेला उंदीर तो ओकून टाकतो. लहान पिल्लाच्या बाबतीत ही उलटी क्षुल्लक नसते. तिच्याबरोबर पोटातले पाचक रस जातात, अन्ननलिका भाजून निघते, आणि कीव येऊन लगेच पुन्हा भरवले तर दुसरी उलटी होते. अशा वेळी दोनतीन आठवडे फक्त पाणी, मग नेहमीपेक्षा बराच लहान घास.

घास किती मोठा? सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, तेवढ्याच जाडीचा किंवा थोडा बारीक उंदीर. पिल्लाला असे जेवण दहा ते चौदा दिवसांनी पुरते. पुढे हे अंतर वाढवत न्यायचे. बोआ समोर आलेले सहसा नाकारत नाही, आणि ‘अजून भूक दिसते’ असे म्हणून दर चार दिवसांनी भरवणारे लोक असतात. साप झपाट्याने वाढतो, मालक फोटो काढतो, आणि आत यकृतावर चरबी साचत जाते. उपाशी मेलेल्या पाळीव बोआंपेक्षा असे लाडाने संपलेले बोआ अधिक असावेत, असे माझे मत आहे.

जिवंत उंदीर पेटीत सोडणे मला दोन्ही प्राण्यांशी क्रूरपणाचे वाटते. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला चावतो, कधी डोळा फोडतो. त्यामुळे गोठवलेले उंदीर आणतात. आमच्या शाकाहारी घरात त्यांच्यासाठी गॅरेजमध्ये वेगळा फ्रीजर आला. मटारच्या पिशवीशेजारी ते चालणार नाहीत, हे पत्नीने पहिल्याच दिवशी सांगितले होते. उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्यायचा, मग गरम पाण्यात ठेवून जिवंत उंदराएवढा कोमट करायचा. मायक्रोवेव्ह वापरू नये; बाहेरून शिजतो, आतून गार राहतो. कोमटपणा महत्त्वाचा, कारण बोआच्या ओठांवर अजगरासारख्या खाचा दिसत नसल्या तरी तिथल्या खवल्यांना उष्णता जाणवते.

मग लांब चिमट्याने तो उंदीर पुढे धरायचा आणि किंचित हलवायचा. हे हलवणे म्हणजे नुसती फसवणूक नव्हे, हे मला आमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या कार्लाइल गावातल्या संशोधनाने कळले. तिथल्या डिकिन्सन कॉलेजात स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या उंदरांत पाण्याने धडधडणारी कृत्रिम हृदये बसवली आणि ते बोआंना दिले. धडधड चालू असेपर्यंत बोआ अधिक जोराने आणि अधिक वेळ आवळत राहिले. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. कधीच जिवंत भक्ष्य न मारलेले बोआही तसेच वागले, म्हणजे हे ज्ञान त्यांना शिकवावे लागत नाही. २०१५ साली याच गटाने दाखवले की विळख्यातला उंदीर गुदमरून मरतो ही जुनी समजूत चुकीची आहे. काही सेकंदांतच त्याचा रक्तदाब निम्म्यावर येतो आणि रक्ताभिसरण थांबते. चिमट्यातला उंदीर हलला नाही तर पिल्लू कधी गोंधळून त्याला सोडून देते. थोडी हालचाल मिळाली की विळखा नीट बसतो, सैल होतो, आणि मग जीभ लपलपत ते डोके शोधते. गिळताना जबडा ‘निखळतो’ असे सर्रास सांगतात. तसे होत नाही. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जोडलेले नसतात, लवचिक ऊतीने बांधलेले असतात, आणि आळीपाळीने पुढे सरकतात.

जेवणानंतर निदान दोन दिवस हात लावायचा नाही. एरवीही नवीन आणलेल्या पिल्लाला आठवडाभर एकटे सोडावे. वरून झडप घालणारी गोष्ट त्याच्या लेखी ससाणा असते. म्हणून हात बाजूने न्यावा आणि अंग दोन ठिकाणी तोलून धरावे. उंदराचा वास हाताला असेल तर हात हाच उंदीर. साबणाने आधी धुवावेत, आणि साल्मोनेला जंतूंसाठी नंतरही. पेटी उघडली की आम्ही कागदाच्या सुरळीने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करतो. ‘आज जेवण नाही’ हा निरोप त्याला काही आठवड्यांत कळू लागला. डोळ्यांवर निळसर साय आली की कात टाकण्याची वेळ. तेव्हा त्याला दिसत नाही आणि तो घाबरट असतो. मान इंग्रजी ‘एस’सारखी वळली, फूत्कार आला, की झाकण लावावे. चावलाच तर हात ओढू नये. दात मागे वळलेले असतात. आणि हळूहळू बोटांमधून सरकणारे पिल्लू आपल्यावर प्रेम करते असे मला वाटत नाही. ते आपल्याला झाड मानते, आणि ते पुरेसे आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी याचे अनुकरण करण्याआधी कायदा पाहावा. अजगर, मांडूळ घरी ठेवणे गुन्हाच आहे. बोआसारख्या परदेशी जातींची नोंदणी वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक केली. इथे अमेरिकेत सोडून दिलेल्या किंवा पळालेल्या बोआंची वस्ती फ्लोरिडात मायामीजवळ रुजली आहे. कारण साधे आहे: पिल्लू तळहातावर मावते, मादी अडीच-तीन मीटर होते, आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला एक बोआ चाळीस वर्षांहून अधिक जगला.

आमचा आता दीड मीटरच्या आसपास आहे. प्रत्येक जेवणाची तारीख, उंदराचे वजन, सापाचे वजन मुलीच्या अक्षरात वहीत आहे. पुढच्या वर्षी ती कॉलेजला जाईल आणि वसतिगृहात साप चालत नाही. म्हणून गेल्या दोन जेवणांना चिमटा माझ्या हातात होता आणि ती दाराशी उभी राहून सांगत होती, “बाबा, हलव ना जरा.”