इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी बसवताना

घरच्या इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी काढून लिथियम बसवायची असेल, तर आधी हिशेब मांडा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या शिशाच्या बॅटरीत १८०० वॉट-तास वीज मावते. पण बॅटरी टिकायची तर निम्मीच, म्हणजे ९०० वापरावी. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० साठवते; त्यातली १००० निर्धास्त वापरता येते. पाणी घालण्याची कटकटही नाही. मात्र इन्व्हर्टरच्या चार्जरला लिथियमची सोय आहे, असे दुकानदाराकडून लेखी घ्या. नसेल तर पैसे पाण्यात जातील. जुनी बॅटरी घरी फोडू नका, तेजाब ओढ्यात ओतू नका. शिसे लेकरांच्या मेंदूला बाधते. ती दुकानदारालाच परत द्या.