‘पूर्वीपासून’ म्हणजे केव्हापासून?

महाड तालुक्यातल्या आमच्या वाडीत दर रविवारी सकाळी मी मुलांचा वर्ग घेतो. वर्ग कसला, विहारात सतरंजी टाकायची आणि चौथीपासून आठवीपर्यंतची पंधरा-वीस पोरे गोल करून बसवायची. आठवडाभर मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. तिथे अभ्यासक्रम असतो, तासाची घंटा असते. इथे दोन्ही नाही. दोन वर्षांपूर्वी रायगडाची सहल करून आलेल्या पाचवीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, एवढा मोठा राज्याभिषेक झाला, तेव्हा आपली माणसं कुठं होती?’’ मी काहीतरी उत्तर दिले. ते तिला पटले नाही. खरे म्हणजे मलाही पटले नव्हते.

हा प्रश्न माझा जुना सोबती आहे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचले नव्हते, त्यामुळे पुस्तकात लिहिलेले ते खरेच असणार अशी घरच्यांची आणि माझीही श्रद्धा होती. शाळेत चवदार तळ्याचा विषय निघाला तेव्हा आमचे गुरुजी म्हणाले, ‘‘पूर्वीपासून तसंच चालत आलं होतं.’’ त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण तो शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. पाऊस पूर्वीपासून पडतो, सावित्री पूर्वीपासून वाहते, आणि आपल्याला पाणी नाही तेही पूर्वीपासून! जी गोष्ट पूर्वीपासून असते ती कोणी केलेली नसते. आणि जी कोणी केलेली नसते तिच्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. विषमतेला एवढे मोठे अभय दुसऱ्या कुठल्या शब्दाने दिले नसेल.

म्हणून मुलांना आपल्या परिसराचा इतिहास शिकवायचा तो प्रथम हा शब्द मोडण्यासाठी, असे माझे मत झाले आहे. तो कसा मोडावा, एवढेच ह्या लेखात सांगायचे आहे.

सुरुवात आम्ही सुतळीने केली. एक हात म्हणजे शंभर वर्षे असे माप धरले आणि विहाराच्या भिंतीवर अठरा-एकोणीस हात सुतळी फिरवून लावली. एक भिंत पुरली नाही, कोपऱ्यातून वळवावी लागली. ह्या टोकाला आजचा दिवस. त्याच्या अगदी जवळ, पेराभर अंतरावर, जुलै 2021 च्या महापुराची गाठ. ती मुलांनी स्वतः मारली, कारण तो पूर त्यांनी पाहिला आहे. साधारण एक हातावर 1927. साडेतीन हातांवर 1674, म्हणजे रायगडावरचा राज्याभिषेक. आणि पार दुसऱ्या टोकाला गांधारपाले. मुलांना पहिला धक्का बसला तो इथेच. आजी-आजोबा ज्याला ‘फार पूर्वीचं’ म्हणतात ते तळ्याचे प्रकरण सुतळीवर आपल्या नाकाशी आहे, आणि त्याच्या मागे सतरा-अठरा हात काळ पसरला आहे. त्यात शिलाहार येतात, बहामनी येतात, आदिलशाही येते. मग ह्या साऱ्या लांबीत माणसाला पाण्यापासून तोडण्याची गाठ नेमकी कुठे मारायची? मुले गप्प झाली. मी मुद्दाम उत्तर दिले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पाल्याच्या डोंगरावर गेलो. मुंबई-गोवा रस्त्यावरून दिसणारी ही तीसच्या आसपास लेणी. लोक त्यांना पांडवांची म्हणत आले; प्रत्यक्षात ती बौद्ध भिक्खूंची आहेत आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली आहेत. तिथे ब्राह्मी लिपीतला एक शिलालेख आहे. काणभोज कुमार विष्णुपालित ह्याने दान दिले ते त्यात नोंदले आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोढ्या आणि एक वाट. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. आमच्या भागातल्या ज्या थोड्या फार जुन्या नोंदी दगडावर उरल्या आहेत त्यांतली ही एक, आणि तिच्यात पाण्याचे दान आहे! मुलांना मी पोढी दाखवली आणि तीन प्रश्न वहीत लिहायला सांगितले. हे कोणी बांधले? कोणी वापरले? कोणाला अडवले, आणि कोणाच्या हुकुमाने? तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी आम्ही हेच तीन प्रश्न विचारतो.

इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. आपल्यातले काही कार्यकर्ते लगेच सांगतात की त्या काळी सारे समान होते, सोन्याचे दिवस होते. शिलालेखात तसे लिहिलेले नाही. टाकी भिक्खूसंघासाठी होती. ती खोदणाऱ्या पाथरवटांची नावे तिथे नाहीत. लेखात जेवढे आहे तेवढेच मुलाला द्यावे. प्रस्थापितांनी खोटा अभिमान शिकवला म्हणून आपण दुसरा खोटा अभिमान शिकवायचा, तर मग आपली चळवळ कशासाठी?

त्यानंतर रायगड. शाळेच्या सहलीत मुलांनी सिंहासनाची जागा पाहिली होती. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तळी पाहिली, पायऱ्या पाहिल्या. गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव जगदीश्वराच्या देवळाजवळ एका पायरीवर कोरलेले आहे. बांधणाऱ्याचे नाव राहिले ही मोठीच गोष्ट. पण दगड फोडणारे, चुना वाहणारे हात अनामच राहिले. गडांच्या घेऱ्यात पहारा ठेवणाऱ्यांत महार, रामोशी, कोळी असत, हे इतिहासकारांनी नोंदले आहे. त्या मुलीच्या प्रश्नाला मी तेव्हा देऊ न शकलेले उत्तर हे होते. आपली माणसे तिथेच होती, गडाच्या पायथ्याशी, जागी. दरबारात मात्र त्यांना जागा नव्हती. दोन्ही गोष्टी मुलाला सांगाव्यात, एक सांगून दुसरी लपवू नये.

पुढची गाठ पेन्शनरांची. इंग्रजांच्या मुंबई फौजेत कोकणातले पुष्कळ महार भरती झाले, आणि त्यांच्याबरोबर अक्षर घरात आले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबुवा वलंगकर 1886 साली फौजेतून निवृत्त झाले, 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका काढली. 1895 साली त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर घेतले तेव्हा सवर्ण सभासद खवळले. म्हणजे 1927 चा संग्राम आभाळातून पडला नाही. त्याची नांगरट इथल्याच मातीत आधी चाळीस वर्षे चालली होती. आमच्या मुलांना बाबासाहेब ठाऊक असतात, पण शेजारच्या गावचे वलंगकर ठाऊक नसतात. हा दोष सरकारी पुस्तकाइतकाच आपलाही आहे.

मग तळे. इथे मी भाषण करीत नाही, तारखा ओळीने लावतो. 1923 साली सी. के. बोले ह्यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. 1924 साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. 19 आणि 20 मार्च 1927 रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावकडचे रा. बा. मोरे, महाडचे सुरबा टिपणीस, अनंतराव चित्रे ह्यांनी तिच्यासाठी कष्ट घेतले. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, आणि तळे तर समोर भरलेले! 20 तारखेला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली. मग सवर्णांनी 108 घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद झाली, 25 तारखेला मनुस्मृती जाळली. तळ्यावर जायला मात्र न्यायालयाची तात्पुरती मनाई होती.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपते. माझ्या मते मुलांच्या दृष्टीने ती इथून सुरू होते. सवर्णांनी दिवाणी दावा लावला होता. त्यांचे म्हणणे काय? तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची रूढी अनादी काळापासून आहे. आमच्या गुरुजींचा तोच शब्द, फक्त वकिली पोशाखातला! दावा दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे ठरले, आणि रूढी अनादी काळापासून असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. ‘पूर्वीपासून’ म्हणजे केव्हापासून, हे भर न्यायालयात विचारले गेले आणि उत्तर आले नाही. हे सांगितले तेव्हा ती मुलगी उठली आणि सुतळीजवळ जाऊन उभी राहिली. म्हणाली, ‘‘म्हणजे ही गाठ कुठं मारायची ते त्यांनापण माहीत नव्हतं!’’

शेवटचे काम घरातल्या माणसांकडून ऐकून घेण्याचे. माझी आजी सांगे की तिचे सासरे परिषदेला गेले होते आणि डोक्याला फडके बांधून परत आले. ते पाणी प्याले की नाही, ह्याबद्दल घरात दोन मते आहेत. मी मुलांना दोन्ही मते लिहायला लावली, पण वेगळ्या रकान्यात. एका बाजूला ‘आजी सांगते’, दुसऱ्या बाजूला ‘नोंद आहे’. आजीचे बोलणे कमी प्रतीचे म्हणून नव्हे. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास बोलण्यातच उरतो. पण आपली मुले उद्या कोणापुढेही उभी राहिली तर कोणता पुरावा कशाचा आहे हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. महाडचा दावा पुराव्यावर जिंकला गेला, हे विसरून चालणार नाही.

ह्याला पैसा लागत नाही. सुतळी, वह्या आणि रविवार लागतो. प्रत्येक गावाजवळ लेणे नसेल, पण पाणवठा आहे, वाट आहे, वेस आहे, स्मशान आहे. शिक्षक मित्रांनी आणि कार्यकर्त्यांनी आपल्या वाडीतल्या एका विहिरीपासून सुरुवात करावी आणि ते तीन प्रश्न विचारावेत. दर 20 मार्चला तळ्यावर दूरदूरहून माणसे येतात, अभिवादन करून संध्याकाळी परततात. येत्या 20 मार्चला आमची मुले वह्या घेऊन तिथे उभी राहणार आहेत. जो विचारील त्याला पाल्याच्या पोढीपासून 1937 च्या निकालापर्यंत सांगतील. चुकली तर दुरुस्त करा. पण आधी त्यांचे ऐकून घ्या.