आशा खुंटते तेव्हा

शेलू-नेरळ भागातला शेतकरी भर उन्हाळ्यात राब भाजतो. शेण, पालापाचोळा, कवळ पसरून भाताच्या रोपांची जागा भाजून ठेवतो. तेव्हा आभाळात ढगाचा पत्ता नसतो. ढग दिसल्यावर कामाला लागू म्हणाल, तर साल हातचे गेलेच म्हणून समजा!

श्रद्धेचेही तसेच आहे. दिवस बरे असताना देवावर भरवसा ठेवणे सोपे असते. चहूकडून दारे बंद झाली म्हणजे ख्रिस्ती माणसाने कशाला धरून राहावे? याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. शेलूवरून जाणारी रेल्वेची वाट कर्जतला घाट चढते आणि पुण्यापुढे दौंडच्या अलीकडे केडगावला पोहोचते. तिथेच रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. ऐन तारुण्यात दुष्काळाने आईबाप आणि बहीण नेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. कडेवर मनोरमा, एवढेच उरले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून पुढची वाट सोपी झाली असे मात्र नाही. तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे वाद झाले. जे पटत नसे ते त्या स्पष्ट लिहीत. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यास नेले. १८९३ साली धर्मांतराच्या संशयावरून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बायका आणल्या, तोच पुण्यात प्लेग! तेव्हा केडगावच्या माळावर निवारा उभा राहिला. अमेरिकेतल्या मंडळींनी कबूल केलेल्या मदतीची १० वर्षांची मुदतही १८९८ साली संपली. काम मात्र थांबले नाही.

मग श्रद्धावंताने रडूच नये काय? तसे बायबल सांगत नाही. ईयोब देवाशी भांडतो. कितीतरी स्तोत्रांत गाऱ्हाणीच आहेत. क्रूसावर खुद्द येशूनेही, देवाने आपल्याला का टाकले, असा टाहो फोडला. पण ध्यानात घ्या, हे गाऱ्हाणे देवापाशीच मांडलेले आहे. तक्रार असली तरी बोलणे तुटलेले नाही. बोलणे तुटत नाही तोवर श्रद्धाही तुटलेली नसते.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे हातचे काम. खेड्यातल्या साध्या बायकांना कळेल असे बायबल मराठीत व्हावे, म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून कित्येक वर्षे भाषांतर करीत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. ज्या लेकीच्या हाती संस्था सोपवायची, तीच गेली! रमाबाईही थकल्या होत्या. तरी भाषांतर त्यांनी पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. केडगावच्या छापखान्यात बायकांनीच जुळारी होऊन खिळे जुळवले. १९२४ साली ते बायबल बाहेर पडले.

उद्या सारे ठीक होईल, या खात्रीला श्रद्धा म्हणत नाहीत. रमाबाईंच्या बाबतीत सारे ठीक झाले नाही. लेक परत आली नाही. म्हणून ज्याच्या घरी दुःख आहे, त्याला 'देव सगळे बरे करील' असे चटकन सांगू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे गाऱ्हाणे ऐकावे आणि आजच्या कामात त्याला हात द्यावा.