आगगाड्यांच्या संगतीत : लेखांक १४
वळण ठरवतं डब्याची लांबी

मॉडेल इंजिनाच्या शिट्टीचं पुढच्या आठवड्यावर टाकतो. कबूल केलं होतं हे लक्षात आहे, इंजिनामागचं टेंडर उघडून आतल्या रिलेचे फोटोही काढून ठेवलेत. पण मिरजेहून एक पत्र आलं आणि सगळा आठवडा मी त्याच्यातच अडकलो. ते आधी घेतो.

पत्र लिहिणाऱ्या बाईंचे वडील माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. घरात जेवताना विषय डब्यांचाच असायचा, असं त्या सांगतात. पुढे लिहितात, "मागच्या अंकातल्या फोटोतले तुमचे ते चांदीसारखे डबे फार देखणे आहेत. पण भाऊ, ते आखूड आहेत. उंची नीट, रुंदी नीट, लांबीवर मात्र कुणीतरी करवत चालवलीय. असं का? आणि आपला डबा त्या रुळांवर बसेल का?"

फोटो पाहून लांबी खटकली, यातच वडिलांची तालीम दिसते. त्यांनी करवत म्हटलंय ती तर अक्षरशः खरी आहे.

आधी हिशेब मांडू. खरे रेल्वे डबे बनवणाऱ्या बड कंपनीचा स्टेनलेस स्टीलचा डबा, ज्याच्यावरून हे सगळे चांदीसारखे डबे घेतले, तो ८५ फुटी. अमेरिकन ओ गेजचं प्रमाण १:४८, म्हणजे मॉडेल सव्वाएकवीस इंचांचं व्हायला हवं. लायनेल या अमेरिकन खेळगाड्यांच्या कंपनीने १९५२ साली काढलेले सिल्व्हर डॉन, सिल्व्हर रेंज, सिल्व्हर क्लाउड आणि सिल्व्हर ब्लफ हे चौघे पंधरा इंचांच्या घरातले आहेत. सहा इंच गेले कुठे?

पत्र्याचा किंवा बेकलाइटचा डबा असता तर साच्याकडे बोट दाखवता आलं असतं. मोठा साचा महाग पडतो, म्हणून कारखानदार हात आखडता घेतो. या डब्यांची गोष्ट वेगळी आहे. यांचं अंग ॲल्युमिनियमचं, आणि तेही एक्स्ट्रूजनने केलेलं. सोऱ्यातून चकली काढतो तसंच हे काम. डब्याच्या आडव्या छेदाचा आकार कापलेल्या पोलादी चकतीतून तापलेलं ॲल्युमिनियम दाबाने बाहेर काढायचं, की छप्पर, बाजू आणि बाजूंवरच्या त्या लांबच लांब पन्हळी सगळं एकसंध नळीसारखं बाहेर येतं. मग हवं तिथे कापायचं, खिडक्या पाडायच्या आणि टोकांना झाकणं बसवायची. चकलीची लांबी सोऱ्या ठरवत नाही, आपण कुठे तोडतो त्यावर ती ठरते. म्हणजे लायनेलला एकवीस इंचांवर कापणं अजिबात अवघड नव्हतं. त्यांनी जाणूनबुजून पंधरावर कापलं, आणि तसं कापायला लावणारी गोष्ट डब्यात नव्हतीच. ती खाली, जमिनीवर होती.

लायनेलच्या नेहमीच्या ओ रुळांचे आठ वाकडे तुकडे जोडले की एक वर्तुळ पुरं होतं. बाहेरून बाहेर ते ३१ इंच भरतं, म्हणून त्याचं नाव ओ-३१. स्वस्त मालासाठी २७ इंचांचं वर्तुळ होतं. एवढं लहान अशासाठी, की ही गाडी अमेरिकन घरात नाताळच्या झाडाभोवती फिरायची होती. झाडाचा बुंधा मधे, भोवती रूळ आणि सोफा न हलवता उरलेल्या जागेत माणसांची ये-जा. सगळा खेळ या अडीच फुटांच्या वर्तुळात बसवायचा होता, आणि डब्याचं माप त्यातूनच निघालं.

आता एक शब्द स्पष्ट करतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. आपण बोलताना डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेतल्या माणसाची बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट, जी स्वतःभोवती थोडी वळते. डब्याला अशा दोन बोग्या असतात. वळणावर बोग्या रुळांबरोबर वळतात, पण डब्याचं अंग ताठच राहतं. म्हणजे गोल रिंगणावर आडवी ठेवलेली फूटपट्टी. पट्टीचा मधला भाग रिंगणाच्या आत शिरणार आणि दोन्ही टोकं बाहेर डोकावणार, त्याला इलाज नाही. किती आत शिरणार ते काढायला सोपी युक्ती आहे : दोन बोग्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा आणि वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा.

ओ-३१ ची त्रिज्या रुळांच्या मध्यावर साधारण पंधरा इंच येते. पंधरा इंची डब्याच्या बोग्यांमधलं अंतर दहा इंच धरलं तर शंभर भागिले एकशेवीस, म्हणजे पाऊण इंचाहून थोडं जास्त. चालण्यासारखं आहे. बडच्या खऱ्या डब्यात हे अंतर साडेएकोणसाठ फूट असतं, ते मॉडेलमध्ये पंधरा इंचांच्या जवळ जातं. आता डब्याचा मध्य जवळजवळ दोन इंच आत शिरतो. डब्याची रुंदीच मुळात अडीच इंच! असा डबा वळणावर आला की गाडी रुळांवर आणि पोट रुळांबाहेर, असं दृश्य दिसतं.

हे मी वहीत मांडण्याआधी हातांनी शिकलो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने "तुमच्या रुळांवर आरामात चालतील" असं सांगून पूर्ण मापाचे दोन एकवीस इंची डबे मला दिले. त्या रात्री इथल्या, पेनसिल्व्हेनियातल्या घराच्या तळघरात सगळे दिवे मालवून ते लावले. खिडक्या उजळल्या, जमिनीवर पिवळे चौकोन पळायला लागले, बायको जिन्यावर येऊन उभी राहिली. पहिल्याच वळणावर डब्याने आतल्या बाजूचा सिग्नल मुळापासून उपटला. त्या सिग्नलचा खांब रुळांच्या मध्यापासून अडीच इंचांवर होता आणि सिल्व्हर रेंज त्याच्या शेजारून वर्षानुवर्षं निमूट जात होता. दुसऱ्या दिवशी मी डब्याच्या पोटाला मधोमध खडू बांधला, दुसरा टोकाला बांधला आणि हाताने ढकलत एक फेरी मारली. फरशीवर दोन वर्तुळं उमटली, एक आत, एक बाहेर. त्या दोन रेघांच्या मधली जागा म्हणजे डब्याला लागणारा खरा रस्ता. तेव्हापासून कुठलाही नवा डबा घरात आला की आधी खडूची फेरी, मग बाकी सगळं.

कपलिंगचंही इथेच सांगून टाकतो. खऱ्या डब्याचं कपलिंग डब्याच्या अंगाला असतं. लायनेलने ते बोगीला लावलं. त्यामुळे ते रुळांच्या मध्यावर राहतं आणि वळणावर डबे एकमेकांना ओढून रुळांवरून पाडत नाहीत. त्याची किंमत म्हणून दोन डब्यांमध्ये मोठी फट पडते. नव्याने आलेल्या माणसाला ती बोचते. मला आता बोचत नाही, कारण वळणावर ती फट एका बाजूने मिटते आणि दुसऱ्या बाजूने पंख्यासारखी उघडते, तेव्हा तिचं कारण डोळ्यांना दिसतं.

पूर्ण मापाचा हट्ट लायनेलने आधी करून पाहिला होता. १९३४ साली युनियन पॅसिफिकची एम-१०००० ही सुळसुळीत गाडी आली, शेजारच्या दोन डब्यांना मिळून एकच बोगी असलेली. लायनेलने त्याच वर्षी तिचं मॉडेल काढलं आणि त्यासाठी ७२ इंचांचं वळण आणलं. सोळा तुकड्यांचं, सहा फुटांचं वर्तुळ. १९३७ साली न्यू यॉर्क सेंट्रलच्या हडसन इंजिनाचं मापात अचूक मॉडेल आलं, ७००-ई, त्यालाही हेच वळण लागायचं. सहा फुटांचं वर्तुळ मांडायचं तर दिवाणखान्यातलं झाड बाहेर काढावं लागलं असतं. युद्धानंतर कंपनी मुकाट्याने ३१ इंचांवर परतली आणि पुढचे बरेच गाजलेले प्रवासी संच त्याच मापात काढले.

आखूडपणाबद्दल माझं मत असं की कारागिराची नजर इथेच कळते. सगळ्या बाजूंनी सारखं लहान करणं यंत्रालाही जमतं. उंची-रुंदी मापात ठेवून लांबीतून नेमकं काय वगळायचं, कुठल्या खिडक्या काढायच्या, राहिलेल्यांमधलं अंतर किती ठेवायचं, हे माणसाला ठरवावं लागतं. सिल्व्हर रेंज हा विस्टाडोम. त्याचा पारदर्शक घुमट खऱ्या प्रमाणात लहान केलेल्या लांबीच्या डब्यावर जेवढी जागा व्यापेल त्याहून इथे जास्त व्यापतो. नजर तिथे खिळते आणि गेलेले सहा इंच आठवत नाहीत. मिरजेच्या बाईंना ते आठवले, ही गोष्ट निराळी.

आखूड डब्यांचा विषय निघालाच आहे तर न्यू जर्सीच्या एका वाचकाचं सांगायला हवं. लोकलने न्यू यॉर्कला नोकरीला जाणारे गृहस्थ. शेजाऱ्यांच्या जुन्या सामानाच्या विक्रीत त्यांना एक हिरवा डबा मिळाला, छप्पर करडं, बाजूवर पिवळी अक्षरं : मेपलवुड. रोज ज्या स्टेशनावरून गाडी जाते त्याचंच नाव खेळण्यावर पाहून ते चक्रावले. तो लायनेलचा २४०० क्रमांकाचा डबा, १९४८-४९चा, २७ इंची वळणासाठी केलेला आणि म्हणून आमच्या चांदीवाल्यांपेक्षाही बराच आखूड. त्याचे सोबती हिलसाइड आणि चॅटम. कारखाना न्यू जर्सीत, आधी अर्व्हिंग्टनला, मग हिलसाइडला. कंपनीने आसपासच्या गावांचीच नावं डब्यांना दिली : नेवार्क, समिट, एलिझाबेथ, क्लिफ्टन. संग्राहक ज्यांना 'मॅडिसन डबे' म्हणून जपतात त्या जड बेकलाइटच्या डब्यांतही एक अर्व्हिंग्टन आहे आणि एक मॅडिसन. मेपलवुड, समिट, चॅटम, मॅडिसन ही आजही एकाच लोकलच्या मार्गावरची स्टेशनं आहेत. तिकडच्या मराठी वाचकांनी पुढच्या वेळी खिडकीतून पाट्या वाचाव्यात. त्या गृहस्थांना मी एवढंच कळवलं की हिलसाइड मिळेपर्यंत थांबू नका, शोधा. हिलसाइड हा गाडीच्या शेवटचा डबा. त्याच्याशिवाय गाडी संपल्यासारखी वाटत नाही.

आता बाईंचा दुसरा प्रश्न. आठवडा गेला तो याच्यावर.

ओ गेजच्या दोन रुळांमधलं अंतर सव्वा इंच, ३१.७५ मिलिमीटर. ४८ ने गुणलं तर बरोबर पाच फूट येतात. अमेरिकेतले खरे रूळ मात्र चार फूट साडेआठ इंचांचे, म्हणजे अमेरिकन मॉडेल गाडी खऱ्या मापाच्या हिशेबात साडेतीन इंच जास्त रुंद रुळांवर चालते. इंग्रजांनी फुटाला सात मिलिमीटर असं प्रमाण घेतलं, त्यांचे रूळ उलट अरुंद पडतात. युरोपातले लोक १:४५ घेऊन बरेच जवळ पोचले. हे सगळं मला पाठ होतं. आपल्या ब्रॉडगेजने भागून मात्र कधी पाहिलं नव्हतं. पाच फूट सहा इंच, १६७६ मिलिमीटर, भागिले ३१.७५. उत्तर बावन्न पूर्णांक आठ, म्हणजे जवळपास १:५३.

मग आयसीएफचा डबा घेतला. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून स्विस आराखड्यावर बनलेला, आपण सगळे ज्यात लहानाचे मोठे झालो तो निळा किंवा त्याआधीचा तांबडा डबा. अंगाची लांबी २१,३३७ मिलिमीटर. भागून ४०४ मिलिमीटर आले. इंचांत केलं तर सोळाला जेमतेम कमी!

मी दोनदा भागाकार तपासला. एकही खिडकी न वगळता, कुठे करवत न लावता, आपला डबा लायनेलच्या कापलेल्या डब्याच्या शेजारी जवळपास लांबीला लांबी लावून उभा राहतो. रुंदी साडेएकसष्ट मिलिमीटर, तीही अडीच इंचांना टेकते. नव्या एलएचबी डब्याचं काढलं तर साडेसतरा इंच आले, आणि आजचे उत्पादक मधल्या मापाचे डबे अठरा इंचांचे करतात. आपले रूळ रुंद असल्यामुळे ओ गेजवर येताना गाडी जास्त लहान करावी लागते, आणि म्हणून ती दिवाणखान्यात मावते.

शनिवारी दुपारी पुठ्ठा कापायला बसलो. ४०४ बाय साडेएकसष्ट, शयनयानाच्या खिडक्या पेन्सिलने आखल्या, त्यांच्यावर आडव्या गजांच्या रेघा ओढल्या. अंग पिचलेल्या एका जुन्या डब्याच्या बोग्या पडून होत्या, त्या खाली बसवल्या. आयसीएफच्या बोग्यांच्या मध्यांमधलं अंतर १४,७८३ मिलिमीटर, म्हणजे इथे २८ सेंटिमीटर. मग पोटाला खडू, टोकाला खडू आणि ओ-३१ वर एक फेरी. आत एक इंचाहून किंचित जास्त, बाहेरही तेवढंच. दोन्ही रेघा रुळांपासून सारख्या अंतरावर, जणू डबा याच वळणासाठी आखलेला.

सिग्नल पुन्हा त्याच्या जुन्या जागी, अडीच इंचांवर, रोवला. पुठ्ठ्याचा डबा सिल्व्हर रेंजच्या मागे जोडला आणि ट्रान्सफॉर्मरचा दांडा हळूहळू पुढे घेतला. खांब आणि पुठ्ठा यांच्यात पाव इंचाची फट राहिली आणि डबा निघून गेला.

बाई, तुमच्या वडिलांच्या कागदपत्रांत आयसीएफ डब्याच्या बाजूची आकृती असली तर तिचा फोटो पाठवा. खिडक्यांमधली अंतरं मी अंदाजाने घेतली आहेत, ती नीट करायची आहेत. पुढच्या आठवड्यात शिट्टी.