१९५१ चा सॅन फ्रान्सिस्को डॉन्स फुटबॉल संघ

१९५१ चा सॅन फ्रान्सिस्को डॉन्स फुटबॉल संघ हा अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ होता. प्रशिक्षक जो कुहारिच यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने त्या हंगामातील सर्व ९ सामने जिंकले. तरीही हंगामाअखेरच्या एकाही बाऊल सामन्यात त्याला खेळता आले नाही. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना वगळून येण्याची अट संघाने नाकारली, हे त्याचे कारण सांगितले जाते. हंगाम संपताच विद्यापीठाने आपला फुटबॉल विभागच बंद केला.

पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉल हा भारतात फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून वेगळा आहे. यात लंबगोल चेंडू मुख्यतः हातात घेऊन धावत किंवा फेकून प्रतिपक्षाच्या अंतिम क्षेत्रात न्यायचा असतो. चेंडू तेथे पोहोचला की त्यास टचडाउन म्हणतात. महाविद्यालयीन संघांचा नियमित हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास संपे. त्यानंतर निवडक संघांना नववर्षाच्या आसपास होणाऱ्या बाऊल सामन्यांची निमंत्रणे मिळत. निवड गुणतक्त्यावरून होत नसे. ती आयोजक समितीच्या मर्जीवर अवलंबून असे. निमंत्रणाबरोबर मानधनाची मोठी रक्कम येई, त्यामुळे लहान विद्यापीठांच्या दृष्टीने बाऊल सामना हा मानाइतकाच पैशाचाही प्रश्न होता.

यांपैकी ऑरेंज बाऊल मायामीत, शुगर बाऊल न्यू ऑर्लिन्समध्ये आणि गेटर बाऊल जॅक्सनव्हिलमध्ये, म्हणजे वर्णविभाजन पाळणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांत भरत असे. तेथील अनेक महाविद्यालये कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी खेळण्यास तयार नसत. पाहुण्या संघाने असे खेळाडू घरी ठेवून यावे, असा अलिखित संकेत होता आणि उत्तरेकडील संघांनी तो बरीच वर्षे निमूटपणे पाळला होता.

मॅटसन आणि टोलर हे दोघे सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को येथे एकत्र खेळून या जेझुइट विद्यापीठात आले होते. जिनो मार्केटी हे त्यांचे सहकारी दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढून परतलेले होते. संघाच्या प्रसिद्धीचे काम पीट रोझेल हे तरुण अधिकारी पाहत.

हंगाम

डॉन्सने सॅन होजे स्टेट (दोनदा), आयडाहो, फोर्डहॅम, सँटा क्लारा, कॉलेज ऑफ द पॅसिफिक आणि लॉस एंजेलसचे लोयोला या संघांना, तसेच कॅम्प पेंडलटन आणि सॅन डिएगो येथील लष्करी तळांच्या संघांना हरविले. बहुतेक विजय एकतर्फी होते. खरी झुंज झाली ती न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅमविरुद्ध. डॉन्सने तो सामना ३२-२६ असा जिंकला. त्यात मॅटसन यांनी प्रतिपक्षाने लाथाडलेला चेंडू झेलून दोनदा थेट टचडाउनपर्यंत नेला: एकदा ९४ आणि एकदा ९० यार्ड.

त्याच महिन्यात, २० ऑक्टोबर १९५१ रोजी, ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाचे कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट यांच्यावर सामना चालू असतानाच हल्ला होऊन त्यांचा जबडा मोडला. त्या घटनेच्या छायाचित्रमालिकेला पुढे पुलित्झर पुरस्कार मिळाला. डॉन्सचा हंगाम अशा वातावरणात चालला होता.

मॅटसन यांनी हंगामात १,५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाउन केले. दोन्ही बाबतींत ते देशात आघाडीवर होते, मात्र हाइझमन पुरस्काराच्या मतदानात त्यांना नववे स्थान मिळाले. १७ नोव्हेंबरला स्टॉकटन येथे पॅसिफिकवर ४७-१४ आणि त्यानंतर लोयोलावर २०-२ असा विजय मिळवून संघ अपराजित राहिला. असोसिएटेड प्रेसच्या अखेरच्या क्रमवारीत तो १४ वा होता.

निमंत्रणाचा प्रश्न

खेळाडूंनी नंतर सांगितलेल्या आठवणींनुसार, दोन कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना मागे ठेवल्यास निमंत्रण मिळू शकेल, असे संघाला कळविण्यात आले. मतदान घेण्याचीही गरज भासली नाही. सर्वांनी नकार दिला. आयोजकांच्या बाजूने मात्र, डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, असे कारण पुढे करण्यात आले. हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता: नऊपैकी दोन सामने लष्करी संघांशी होते आणि एका संघाशी दोनदा गाठ पडली होती. परंतु डॉन्सकडून ३३ गुणांनी हरलेल्या पॅसिफिकला एल पासो येथील सन बाऊलचे निमंत्रण मिळाले, हे या स्पष्टीकरणात बसत नाही. दुसरीकडे, पॅसिफिकच्या संघात एडी मेकन हे कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि ते त्या सामन्यात खेळले. म्हणजे सर्व बाऊल समित्यांचे धोरण एकसारखे नव्हते. आडकाठी होती ती विशेषतः खोल दक्षिणेतील शहरांत. शुगर बाऊलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू प्रथम उतरला तो १९५६ साली.

फुटबॉल विभाग आधीच तोट्यात होता. बाऊल सामन्याच्या उत्पन्नाने तो सावरण्याची आशा होती. ती मावळल्यावर विद्यापीठाने विभाग बंद केला. शिक्षण अपुरे असलेल्या बॉब सेंट क्लेअर यांना शेवटचे वर्ष टल्सा विद्यापीठाकडून खेळावे लागले.

पुढील काळ

मॅटसन यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्य आणि ४ × ४०० मीटर रिलेमध्ये रौप्यपदक मिळविले. त्यानंतर ते शिकागो कार्डिनल्सकडून व्यावसायिक फुटबॉल खेळू लागले. कुहारिचही त्याच वर्षी त्या संघाचे प्रशिक्षक झाले होते. मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर या तिघांचा व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. एकाच महाविद्यालयीन संघातून तिघे तेथे पोहोचणे ही असाधारण गोष्ट आहे. रोझेल १९६० मध्ये नॅशनल फुटबॉल लीगचे आयुक्त झाले आणि त्यांनाही हा मान मिळाला.

टोलर यांची खेळाडू म्हणून कारकीर्द १९५२ मध्येच गुडघ्याच्या दुखापतीने संपली. ते सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शिक्षक आणि नंतर मुख्याध्यापक झाले. १९६५ मध्ये, रोझेल आयुक्त असताना, नॅशनल फुटबॉल लीगने त्यांना सामनाधिकारी नेमले. या लीगमधील ते पहिले कृष्णवर्णीय सामनाधिकारी होत. १९८० च्या सुपर बाऊलमध्येही त्यांनी हे काम केले.