लिनक्सच्या संगणकावर ब्रॉडबँड? का नाही!

घरी ब्रॉडबँड घ्यायचे ठरते. कंपनीचा माणूस येतो, तार ओढतो, भिंतीवर डबा बसवतो आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहून म्हणतो, ‘‘यात विंडोज नाही? मग जमणार नाही.’’ मुलांचे चेहरे उतरतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. तेव्हा धडधाकट जुना संगणक मोडीत न काढता त्यावर उबंटू किंवा मिंट बसवून घेणाऱ्या घरांना हे वाक्य विशेष बोचते.

एके काळी त्यात थोडे तथ्य होते. २००५मध्ये भारत संचार निगमची ‘डेटावन’ सेवा सुरू झाली, तेव्हा ग्राहकाचे नाव व पासवर्ड पुष्कळदा संगणकातूनच द्यावे लागत. यूएसबीने जोडायच्या काही मोडेमसोबत येणारी सीडी फक्त विंडोजसाठी असे. लिनक्सवाल्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसावे लागे.

आता हे काम बहुतेक ठिकाणी राउटर करतो. नाव, पासवर्ड त्याच्याच पोटात भरलेले असतात. पलीकडे विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बसवणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असे नाही, पण त्याला पुढची घरेही उरकायची असतात. अनोळखी पडदा दिसला की ‘नाही’ म्हणणे सोपे! त्याच्याशी वाद न घालता आपल्या मोबाइलवर वायफाय चालते का, ते आधी पाहा. चालत असेल तर कंपनीची बाजू ठीक आहे. डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल, तर मात्र बहुधा बाहेरची तार दुखावली आहे. ती कंपनीनेच दुरुस्त करायची.

संगणकाची पहिली जोडणी वायफायने न करता तारेनेच करा. राउटरच्या ‘लॅन’ खाचेत तारेचे एक टोक, संगणकात दुसरे. बहुतेक वेळा काही सेकंदांत जोडणी आपोआप होते. काही स्थानिक केबलवाले राउटर न देता नुसतीच तार देतात. तेव्हा नेटवर्कच्या सेटिंगमध्ये पीपीपीओई प्रकारची नवी जोडणी तयार करून नाव व पासवर्ड भरावे लागतात.

खरी अडचण येते ती वायफायची. काही जुन्या लॅपटॉपमधल्या, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, चिपचा ड्रायव्हर उबंटूत आधीपासून बसवलेला नसतो. तो उतरवून घ्यायला इंटरनेट हवे, म्हणजे कुलपाची किल्ली कपाटातच! अशा वेळी तार कामी येते. तारेची खाचच नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून त्यावरचे ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. मग उबंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून सुचवलेला ड्रायव्हर निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

एक काम मात्र कंपनीचा माणूस दारात असतानाच उरका. जोडणीचे नाव व पासवर्ड त्याच्याकडून घरच्या वहीत लिहून घ्या. राउटरच्या मागे बारीक भोकात एक बटण असते. ते दाबून धरले की आत भरलेली माहिती बहुधा पुसली जाते, आणि मुलांच्या हाती टाचणी लागायला वेळ लागत नाही.