विश्लेषण : खासगी म्हणजे खुला बाजार नव्हे! वीजप्रश्नातील मते आणि तथ्ये वेगळी कशी करायची?

स्मार्ट मीटर, दरवाढ किंवा शेतीपंपांची मोफत वीज, यापैकी कोणताही विषय निघाला की नागपुरात दोन तट पडतात. ‘सरकारने वीजधंद्यातून बाहेर पडावे’ असे एक तट म्हणतो, तर ‘खासगीकरण म्हणजे लूट’ असे दुसरा. या दोन्ही राजकीय भूमिका आहेत आणि त्या मांडण्याचा हक्क सर्वांना आहे. मात्र विजेचा व्यवहार समजावून सांगणारे लेखनही याच भूमिकांच्या भाषेत होऊ लागले, की बिल नेमके कशामुळे वाढले हे ग्राहकाला कळेनासे होते.

गल्लत कुठे होते?

व्यक्तिस्वातंत्र्य सर्वोच्च मानून सरकारी हस्तक्षेप किमान असावा, असे सांगणारी विचारसरणी म्हणजे लिबर्टेरियन किंवा स्वातंत्र्यवादी विचार. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारी मांडणी शरद जोशी यांनी केली. त्यांनी 1979 मध्ये शेतकरी संघटना आणि 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. विदर्भात या विचाराला मोठा पाठिंबा मिळाला. ‘सरकारने बाजारात पडू नये’ हे मत झाले. ‘सरकार पडल्यामुळे दर वाढला’ हे तपासून पाहण्याजोगे विधान आहे. पहिले पटलेल्या वाचकाला दुसरे पुराव्याविनाच खरे वाटू लागते. खासगीकरणाच्या विरोधकांचेही नेमके असेच होते.

नागपूरच्या फ्रँचायझीने काय दाखवले?

1 मे 2011 रोजी नागपुरातील महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स या तीन विभागांचे वीजवितरण स्पॅन्को, म्हणजेच पुढे एसएनडीएल या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीकडे गेले. करार 15 वर्षांचा होता. प्रत्यक्षात सप्टेंबर 2019 मध्येच हे विभाग महावितरणकडे परत आले. कुणी याला ‘बाजाराचे अपयश’ म्हटले. पण येथे बाजार होता का? फ्रँचायझी कंपनी महावितरणकडून ठरलेल्या दराने वीज घेत असे, बिले वसूल करत असे आणि वीजहानी कमी करून फरकातून कमाई करणे अपेक्षित होते. ग्राहकांसाठीचे दर राज्य वीज नियामक आयोगच ठरवत होता. पुरवठादार पसंत नसला तरी महालातल्या दुकानदाराला दुसरा निवडता येत नव्हता. मक्तेदारी कायम राहिली, फक्त चालवणारा बदलला. याच पद्धतीने भिवंडीत जानेवारी 2007 मध्ये टोरंट पॉवर आली आणि तिथे हे काम टिकले. म्हणजे निकाल ठरतो तो करारातील अटी, कंपनीची आर्थिक ताकद आणि स्थानिक परिस्थिती यांवर.

एन्रॉन हे खुल्या बाजाराचे उदाहरण का नाही?

दाभोळ प्रकल्पाचा सामंजस्य करार 1992 मध्ये स्पर्धात्मक निविदा न काढता झाला. वीज मंडळ देय असलेल्या पैशांना राज्य सरकारची हमी आणि तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी होती. दर डॉलरशी जोडलेला असल्याने रुपया घसरला की भार मंडळावर पडे. अखेर मे 2001 मध्ये मंडळाने ही वीज घेणे थांबवले. धोका सरकारकडे आणि परतावा कंपनीकडे, अशा व्यवहाराला खुला बाजार म्हणता येत नाही. त्यामुळे खुल्या बाजाराचे समर्थन किंवा विरोध करताना एन्रॉनचा दाखला जपूनच द्यायला हवा.

मग विजेचा बाजार आहे तरी कुठे?

2008 पासून इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर विजेची खरेदी-विक्री होते. दिवसाच्या 15 मिनिटांच्या 96 टप्प्यांसाठी बोली लागते आणि मागणी-पुरवठ्यानुसार भाव ठरतो. एप्रिल 2022 मध्ये उकाडा आणि कोळसाटंचाईत भाव भडकले, तेव्हा केंद्रीय आयोगाने कमाल भाव युनिटला 20 वरून 12 रुपयांवर आणला. 2023 मध्ये तो 10 रुपये झाला. ही तथ्ये आहेत. मर्यादा घालणे योग्य की अयोग्य, हे मत आहे. शिवाय देशातील बहुतांश वीज दीर्घकालीन करारांनी विकली जाते. नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ज्या कोल इंडियाची उपकंपनी आहे, तीच वीजकेंद्रांच्या बहुतांश कोळशाचे दर जाहीर करते. ‘बाजारामुळे वीज महागली’ असे सरसकट म्हणता येत नाही, ते यामुळे.

मोफत वीज आणि स्वातंत्र्यवाद यांचा मेळ कसा?

खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या शेतकरी संघटनेनेच वीजबिलमुक्तीची मागणीही केली. सरकारने निर्बंध घालून शेतमालाचे भाव पाडले, म्हणून ही भरपाई, असा युक्तिवाद त्यामागे आहे. तो पटो वा न पटो, पैशांचा हिशेब वेगळा मांडावाच लागतो. एप्रिल 2024 पासून 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात मोफत वीज आहे. ती ‘फुकट’ तयार होत नाही. महावितरणला तिचे पैसे राज्याच्या तिजोरीतून द्यावे लागतात. याखेरीज उद्योग आणि व्यापारी ग्राहक जादा दर मोजून इतरांचा काही भार उचलतात, त्याला क्रॉस सबसिडी म्हणतात. बुटीबोरी, हिंगण्याच्या उद्योजकांची तक्रार याच्याशी निगडित आहे.

वाचकाने काय तपासावे?

लेखात ‘बाजार’ हा शब्द आला की पुरवठादार बदलण्याची मुभा कोणाला आहे, दर कोण ठरवतो आणि तोटा झाल्यास तो कोण सोसतो, हे विचारावे. वीज कायदा 2003 नुसार मुक्त प्रवेशाची वाट प्रामुख्याने 1 मेगावॉटहून मोठ्या ग्राहकांसाठी आहे. घरगुती ग्राहकाला ती नाही. बिलातील वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क वेगवेगळे वाचावेत. यातील वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे. तो नकोसा वाटणे हे राजकीय मत असू शकते, पण त्याचे खापर विजेच्या बाजारभावावर फोडता येत नाही. दरनिश्चितीपूर्वी आयोग हरकती मागवून जाहीर सुनावणी घेतो. तिथे घोषणांपेक्षा आकड्यांसह घेतलेली हरकत अधिक उपयोगी पडते. बिल कमी व्हावे असे वाटणाऱ्याने, मग तो कोणत्याही विचाराचा असो, सुनावणीला जाण्यापूर्वी कोणता आकार का वाढला एवढे तरी पाहून घ्यावे.